बांधकामावरची धूळ, कायदा आणि आपली खुर्ची



मढच्या वस्तीतून सकाळी माणसे दोन वाटांनी कामाला निघतात. कोणी जेट्टीवरून वर्सोव्याची बोट धरतो, कोणी मार्वे रस्त्याने मालाड स्टेशनची बस पकडतो. त्यातले बरेच जण नाक्यावर उभे राहतात. त्यांत गवंडी असतात, बिगारी, फरशीवाले, रंगारी आणि सेंटरिंगवाले असतात. संध्याकाळी परत येतात तेव्हा भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. घरात त्याबद्दल कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना सवय झाली आहे.

या वेळी आरोग्याच्या पानावर त्या धुळीबद्दल लिहायचे आम्ही ठरवले. लिहायला बसल्यावर लक्षात आले की नुसते ‘मास्क लावा’ सांगून भागणार नाही. मास्क कोणी आणून द्यायचा, कटरला पाणी कोणी जोडून द्यायचे, ते दिले नाही तर जाब कोणी विचारायचा, हे कायद्यात ठरते. आणि तो कायदा कसा असावा यासाठी बिल्डर-कंत्राटदारांच्या संघटना सरकारदरबारी आणि न्यायालयात वर्षानुवर्षे जोर लावत आल्या आहेत. म्हणून आज फुप्फुसाबद्दल आणि कायद्याबद्दल एकत्रच बोलू.

धूळ छातीत काय करते?

वाळू, दगड, ग्रॅनाइट, काँक्रीट, विटा आणि अनेक प्रकारच्या फरशा यांत सिलिका असते. फरशी कापताना, भिंतीला झिरी मारताना, काँक्रीट फोडताना तिचे अतिशय बारीक कण हवेत उडतात. डोळ्यांना दिसणारी जाड धूळ बरीचशी नाकात अडकते. खरा धोका न दिसणाऱ्या कणांचा आहे. ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातात आणि तिथे कायमचे व्रण तयार करतात. हळूहळू फुप्फुस कडक होते आणि श्वास पुरत नाही. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात.

याबद्दल तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, हा आजार सहसा दहा-पंधरा वर्षांनी दिसतो. धूळ फार असेल तर काही वर्षांतच दिसतो. म्हणून ‘मला आज काही होत नाही’ याला अर्थ नाही.

दुसरी, झालेले नुकसान भरून काढणारे औषध नाही. तो होऊ न देणे हाच उपाय.

तिसरी, त्याची लक्षणे टीबीसारखी असतात. खोकला, दम, वजन घटणे. शिवाय सिलिकाची धूळ खाल्लेल्या माणसाला टीबी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे अनेकदा टीबीचे निदान होते, पण मागची धूळ कोणी विचारत नाही. आमच्या ओळखीच्या एका फरशीवाल्या भावाने टीबीच्या औषधांचा पूर्ण कोर्स केला. दम मात्र तसाच राहिला. ‘तू काम काय करतोस?’ हा प्रश्न त्याला फार उशिरा विचारला गेला.

तोंडाला गुंडाळलेला रुमाल किंवा गमछा हे बारीक कण अडवत नाही. कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडली तर धूळ जागेवरच बसते. त्याच्या जोडीला नीट बसणारा एन-95 मास्क हवा. कोरडा झाडू मारू नये, आधी पाणी शिंपडावे. हे सगळे स्वस्त आहे. तरीही साइटवर ते दिसत नाही, कारण पाण्याची सोय करण्यात वेळ जातो आणि काम फुटावर मोजले जाते.

आपल्या हातात कायदा कसा आला?

1982 च्या दिल्लीतील आशियाई खेळांसाठी स्टेडियम आणि पूल बांधणाऱ्या मजुरांना किमान वेतनही मिळत नव्हते. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि देशाचे लक्ष बांधकाम कामगारांकडे वळले. पुढे देशभरच्या संघटना एकत्र आल्या. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यासारखी माणसे त्यांच्या पाठीशी उभी राहिली. 1986 साली चार लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन संसदेला देण्यात आले. सह्या करणारे आणि अंगठे उठवणारे नाक्यावरचेच लोक होते.

त्यानंतर दहा वर्षांनी, 1996 साली, इमारत व इतर बांधकाम कामगारांचा कायदा झाला. साइटवर पिण्याचे पाणी, संडास-मुतारी, प्रथमोपचार, पाळणाघर, उंचीवरच्या कामाची सुरक्षा या गोष्टी मालकावर बंधनकारक झाल्या. सोबत उपकराचा कायदा झाला. बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी जमा करायची. दहा कोटींची इमारत उभी राहिली तर दहा लाख रुपये आपल्या निधीत आले पाहिजेत, असा हा हिशेब.

महाराष्ट्रात मात्र नियम 2007 मध्ये झाले आणि कल्याणकारी मंडळ 2011 मध्ये आले. कायदा दिल्लीत झाल्यावर आपल्या दारापर्यंत यायला पंधरा वर्षे लागली.

दुसऱ्या बाजूचा जोर

बिल्डर आणि कंत्राटदारांच्या संघटना जुन्या आहेत. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया 1941 सालची आहे. विकासकांची क्रेडाई 1999 पासून आहे. संघटना करणे आणि सरकारकडे मागणी करणे हा त्यांचा हक्क आहे, तसा तो आपलाही आहे. प्रश्न एवढाच की त्यांच्याकडे वकील, कार्यालये आणि मंत्रालयात जाण्यासाठी वेळ आहे. नाक्यावरचा माणूस एक दिवस मंत्रालयात गेला तर त्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो.

उपकराचेच पाहा. बिल्डर्स असोसिएशन दिल्ली उच्च न्यायालयात गेली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. हा कर आहे, शुल्क नाही, म्हणून तो लावता येणार नाही, असा कंत्राटदारांचा युक्तिवाद होता. नोव्हेंबर 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि उपकर वैध ठरवला. उपकर टिकला, पण तोवर कायदा होऊन पंधरा वर्षे लोटली होती.

जमा झालेला पैसाही आपोआप आपल्यापर्यंत येत नाही. मार्च 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले की देशभरात 37,400 कोटींहून अधिक उपकर जमा झाला, पण कामगारांसाठी सुमारे 9,500 कोटीच खर्च झाले.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेच्या सरकारने 2016 साली सिलिकाच्या धुळीची मर्यादा कडक केली. बांधकामासाठीची जुनी मर्यादा 1971 पासूनची होती. नवी मर्यादा तिच्या साधारण एक पंचमांश ठेवली. कटरला पाणी किंवा धूळ ओढणारे यंत्र लावा, असे त्या नियमांत आले. उद्योगांच्या संघटनांनी खर्चाचे कारण सांगून विरोध केला आणि न्यायालयात आव्हान दिले. डिसेंबर 2017 मध्ये न्यायालयाने त्यांचे आक्षेप फेटाळले. तिथे कामगार संघटनाही त्याच खटल्यात उभ्या होत्या. त्या मागत होत्या आणखी कडक नियम, आणि त्यांचे काही म्हणणे मान्यही झाले.

2025 नंतर काय बदलले?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. 29 जुने कायदे त्यांत सामावले. आपला 1996 चा कायदाही त्यात गेला. उद्योगांची जुनी तक्रार होती की कायदे फार आहेत आणि ‘इन्स्पेक्टर राज’ त्रास देते. संहितांवर या तक्रारीची छाप स्पष्ट दिसते.

चांगले काय, तेही सांगितले पाहिजे. नेमणूकपत्र देणे आले. ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आली. पूर्वी 50 पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर लागायचे. आता 50 कामगार मोजताना पुरुषही धरले जातात. आठ तासांचा दिवस आणि जादा तासांना दुप्पट मजुरी कायम आहे. कल्याणकारी मंडळ आणि उपकरही कायम आहेत.

आता चिंतेच्या गोष्टी पाहू.

निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ झाला. मालकाला सल्ला देणे हेही त्याचे काम. कोणत्या ठिकाणी तपासणीला जायचे हे संगणकावरच्या सोडतीने ठरवण्याची तरतूद आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 81 क्रमांकाचा करार भारताने 1949 मध्येच स्वीकारला. त्यात निरीक्षकाला पूर्वसूचना न देता कामाच्या जागी जाण्याची मोकळीक आहे. परांची आज डुगडुगत असेल तर सोडतीत नाव येईपर्यंत ती थांबत नाही.

उपकर किती भरायचा याचा हिशेब आता बांधकाम करणाराच स्वतः करणार. दहा कोटींचे काम सहा कोटींचे दाखवले, तर आपल्या निधीतले चार लाख गेले.

कंत्राटी कामगारांच्या संरक्षणासाठी देशपातळीवर पूर्वी 20 कामगारांची अट होती, ती 50 झाली. स्वतःच्या राहत्या घराच्या बांधकामाला पूर्वी 10 लाखांपर्यंत सूट होती, ती 50 लाखांपर्यंत गेली. दहापेक्षा कमी कामगारांची कामे तर जुन्या कायद्यातही बाहेरच होती. आपल्या नाक्यावरचा माणूस बहुतेक कुठे जातो? फ्लॅटची दुरुस्ती, बंगल्याची फरशी, चार-सहा माणसांचे काम. म्हणजे बंद खोलीत कटर चालतो, धूळ सर्वांत जास्त तिथेच असते, आणि सुरक्षेचा कायदा दाराबाहेर थांबतो.

पत्र्याच्या आत कोण?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई महापालिकेने धूळ रोखण्याची नियमावली काढली. मोठ्या प्रकल्पांभोवती 35 फूट उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याची फवारणी. शेजाऱ्यांसाठी हे चांगलेच. पण पत्र्याच्या आत उभा असलेला माणूस ती धूळ आठ-दहा तास घेतो. पत्रा त्याच्यासाठी नाही. त्याच्यासाठी पात्यावरचे पाणी आणि मास्क आहे.

डिसेंबर 2024 च्या अखेरीस हवा बिघडली म्हणून महापालिकेने बोरिवली पूर्व आणि भायखळा इथली बांधकामे थांबवली. हवेसाठी ते गरजेचे असेल. पण त्या दिवसांचा रोज कोणी द्यायचा? दिल्ली परिसरात असेच काम थांबले तेव्हा नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपकराच्या निधीतून कामगारांना निर्वाहभत्ता द्यायला सांगितले. तोच निधी मुंबईतही जमा होतो. म्हणून तीच मागणी आपणही केली पाहिजे.

आपण काय करायचे?

नोंदणी करा. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस बांधकामाचे काम, एवढी अट आहे. ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, फोटो आणि 90 दिवस काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंदणी शुल्क नाममात्र आहे, दलालाला हजारो रुपये देऊ नका. दरवर्षी नूतनीकरण करा. मंडळाच्या योजनांत कामावर मृत्यू झाल्यास वारसाला 5 लाख, नैसर्गिक बाळंतपणाला 15 हजार आणि शस्त्रक्रियेने झालेल्या बाळंतपणाला 20 हजार रुपये आहेत. गंभीर आजारासाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठीही मदत आहे. नोंदणी नसेल तर यातले काहीच मिळत नाही. घरातल्या बाईने डोक्यावर घमेले वाहिले असेल तर तिचीही स्वतंत्र नोंदणी करा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर पालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. डॉक्टरांना आपण होऊन सांगा, ‘मी इतकी वर्षे फरशी कापतो.’ टीबीची औषधे चालू असतील तर मध्येच सोडू नका. एक्स-रे आणि कागद एका पिशवीत जपून ठेवा. नुकसानभरपाईच्या वेळी तेच लागतात. सिलिकोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून कायद्याच्या यादीत आहे.

काम ठरवताना मजुरीबरोबर पाणी आणि मास्कही ठरवा. एकट्याने मागितले तर मुकादम दुसरा माणूस घेईल. नाक्यावरच्या सगळ्यांनी मागितले तर त्याला विचार करावा लागेल.

खुर्ची कोणाची?

कामगारांना न विचारता केलेल्या कायद्याविरुद्ध बाबासाहेब रस्त्यावर उतरले होते. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. 1942 साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांची परिषद दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. पुढे कारखान्यातील आठवड्याचे तास 54 वरून 48 करणारी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि 1946 मध्ये ती कायदा झाली.

त्या परंपरेतील भारतीय श्रम परिषद 2015 मध्ये 46 व्यांदा भरली. त्यानंतर 2020 मध्ये संहिता मंजूर होईपर्यंत ती एकदाही भरली नाही. म्हणजे शंभर वर्षांच्या कामगार कायद्यांची फेरमांडणी झाली, आणि बाबासाहेबांनी मांडलेल्या त्या टेबलावर आपल्याला बसायला मिळाले नाही.

दुःख आहे, तर दुःखाला कारण आहे, हे आपण वंदनेनंतरच्या प्रवचनात नेहमी ऐकतो. छातीतल्या धुळीचेही तसेच आहे. ती नशिबाने आलेली नाही. पात्यावर पाणी नव्हते म्हणून ती आली. पाणी नव्हते कारण विचारणारा कोणी नव्हता. 1986 मध्ये चार लाख लोकांनी सह्या केल्या तेव्हा कायदा झाला. येत्या पौर्णिमेला विहारात जमू तेव्हा नाक्यावर जाणाऱ्यांची यादी करू, कोणाची नोंदणी राहिली ते पाहू, आणि निर्वाहभत्त्याच्या मागणीच्या अर्जावर सह्या घेऊ.

जय भीम.