मोगलाईला समुद्र नव्हता

हिमायतनगरला जुनी माणसं अजून वाढोणाच म्हणतात आणि पैनगंगेपलीकडच्या ढाणकी-उमरखेडला वऱ्हाड. माझ्या आजीच्या बोलण्यात तर अल्याड मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि पल्याड वऱ्हाड असे दोनच मुलूख होते. नदी ओलांडली की रुपया बदलायचा. इकडे हाली, तिकडे कलदार. सहा कलदारांचे सात हाली, हा हिशेब तिला शाळेचं तोंड न बघता यायचा. नाक्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, माणूस गाठोड्याची गाठ सोडायला लावायचा, लुगड्याची घडी उलगडून बघायचा आणि शंभराला पाच मागायचा. त्यात घासाघीस चालायची, पण आकडा पाचाचाच.

हा पाचाचा आकडा कुठून आला, ते मला फार उशिरा कळलं. कंपनी सरकार आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापाराचा तह झाला, त्यात तो आहे. त्याच तहात आणखी एक कलम आहे : निजामाला मछलीपट्टण बंदराचा मोकळा वापर करता येईल, तिथे आपली वखार आणि माणसं ठेवता येतील. म्हणजे बंदर कंपनीचं आणि वापरायची परवानगी निजामाला. कधीकाळी हेच बंदर निजामाचं होतं.

आमच्याकडे शाळेत उदगीरची लढाई शिकवतात. १७६०, सदाशिवरावभाऊ, निजामाची कोंडी आणि मग साठ लाखांचा मुलूख. उदगीर जवळचं, त्यामुळे गुरुजींच्या अंगातही वीरश्री यायची. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १७५९ मध्ये, कंपनीच्या कर्नल फोर्डने मछलीपट्टणचा किल्ला फ्रेंचांकडून घेतला आणि तेव्हाच्या निजामाने, सलाबतजंगाने, किनाऱ्याची पट्टी इंग्रजांना लिहून दिली, हे कोणी सांगत नाही. उदगीरला गेलेल्या मुलखातला काही पुढे निजामाने परत मिळवला. किनारा गेला तो गेलाच. १७६५ मध्ये मोगल बादशहा शाह आलमने उत्तर सरकारांचं, म्हणजे या किनारपट्टीचं, फर्मान कंपनीच्या हाती दिलं. पुढच्या वर्षी निजाम अलीने तहावर सही करून ते मान्य केलं. गुंटूर तेवढं मागे राहिलं होतं, तेही १७८८ मध्ये सुटलं. आणि १८२३ मध्ये वार्षिक खंडणीचा हक्कसुद्धा कंपनीने एकरकमी विकत घेऊन टाकला. चिकाकोल, राजमहेंद्री, एलोर, कोंडपल्ली, गुंटूर. दख्खनच्या सुभ्याला बंगालच्या उपसागराचा जो काठ होता तो या पाच नावांत होता. माझ्या मते निजामी राज्याचं खरं नुकसान उदगीरला नाही, खर्ड्यालाही नाही, इथे झालं. लढाई हरलेला राजा पुन्हा लढतो. पण ज्याच्या मालाला दुसऱ्याच्या दारातून जावं लागतं, त्याला लढाईआधी दार उघडून मागावं लागतं.

१८०२ चं कलम कागदावरच राहिलं. मछलीपट्टणपर्यंतची वाट कंपनीच्या मुलखातून. बंदराचं महत्त्वही ओसरत गेलं, आणि १८६४ च्या चक्रीवादळात तर गाव हजारो माणसांसकट धुऊन निघालं. नांदेडकडचा कापूस १९०० च्या सुमारास नवी रेल्वे झाल्यावर मनमाडमार्गे मुंबईला जायला लागला. तेही बंदर इंग्रजांचंच. मीठ, रॉकेल, यंत्रं, औषधं, सगळं उलट्या वाटेनं तिथूनच यायचं. निजामाचं वऱ्हाडही १८५३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं, १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर ते कायमचं पट्ट्याने घेतलं. १९३६ मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला, हिमायत अली खानला, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. वऱ्हाड मिळालं नाही. आमच्या गावाच्या नावातला हिमायत त्याच घराण्यातला.

ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांत हे समुद्र नसणं एकदम उघडं पडलं. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं. स्वतंत्र देश म्हटला की पहिला प्रश्न : तुझ्या दारात जहाज कुठून येणार? निजामाच्या माणसांनी त्याचं उत्तर मुरगावला शोधलं. गोवा पोर्तुगीजांचा, म्हणजे भारताच्या हाताबाहेरचा. तिथलं बंदर विकत किंवा भाड्याने मिळावं म्हणून बोलणी झाली. समजा मिळालंही असतं, तरी मुरगाव ते हैदराबाद या वाटेत मुंबई इलाख्याचा मुलूख होता, आणि तो ओलांडायला दिल्लीचा होकार लागलाच असता. व्यवहार जमला नाही. मग उरलं आकाश. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री-अपरात्री विमानं भरून शस्त्रं आणू लागला. समुद्र नसलेल्या राज्याने विमानातून तोफा आणायच्या, यात जिद्द दिसते, पण हिशेब काही जुळत नाही.

आमच्या नदीवर त्याच काळात उलटी वाहतूक चालू होती. वऱ्हाडच्या बाजूला निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, उमरखेडचा त्यातला मोठा. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीने गावंच्या गावं नदी उतरून तिकडे जात. कॅम्पातल्यांनी उमरीची बँक ३० जानेवारी १९४८ ला लुटली, ती रक्कमही उमरखेडलाच पोचली. आजीला गांधी गेल्याची बातमी आणि उमरीची बातमी एकाच श्वासात आठवायची. ती म्हणायची, कंबरभर पाण्यात उतरलं की जीव वाचला. गुडघाभर असताना मात्र मागे कोणी आहे का ते बघायचं.

हैदराबादने २१ ऑगस्ट १९४८ ला सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. भारताने आर्थिक नाकेबंदी केली आहे, हा त्यातला मोठा मुद्दा. परिषदेत विषय पहिल्यांदा निघाला १६ सप्टेंबरला, पॅरिसमध्ये. तोवर भारतीय फौजा तीन दिवस आत आलेल्या होत्या. १७ ला निजामाने शस्त्रं ठेवली, २२ ला तक्रार मागे घेतो म्हणून कळवलं. नाकेबंदी झालेल्या भूबंदिस्त राज्याला आंतरराष्ट्रीय कायद्यात नेमका कोणता हक्क आहे, या प्रश्नावर तेव्हा कुठलंच उत्तर आलं नाही. मराठवाड्यात कुणाला त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं, आजही नाही.

तो प्रश्न वेगळ्या वेषात लवकरच परत आला, आणि त्यात मराठी माणसं होती. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केलं. सुधीर फडके त्यांच्यात होते, ते गाण्यांमुळे सर्वांना माहीत. पोर्तुगालचं म्हणणं असं, की दमणच्या किनाऱ्यावरून आतल्या या मुलखात जायला भारताच्या हद्दीतून वाट मिळणं हा आमचा हक्क आहे. खटला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. भारताच्या बाजूने तात्पुरते न्यायाधीश म्हणून मुंबईचे न्यायमूर्ती चागला बसले होते. १२ एप्रिल १९६० चा निकाल मला फार शहाणा वाटतो : साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जुन्या वहिवाटीने वाट आहे; फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं-दारूगोळा यांना नाही. आणि त्या वेळची परिस्थिती पाहता भारताने अडवणूक करून काही मोडलेलं नाही. कॉटनच्या विमानांना हाच नियम लावला असता तर? असो. निजामाची माणसं ज्या मुरगावच्या आशेवर होती, त्याच बंदरासमोर १८ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त करताना आपल्या बेतवा आणि बिआस या युद्धनौकांनी पोर्तुगीजांचं अफोन्सो दि अल्बुकर्क हे जहाज निकामी केलं.

समुद्राच्या कायद्याचा मोठा करार १९८२ मध्ये झाला. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल आपलं पाणी, दोनशे मैलांपर्यंत मासे आणि तेल आपलं, हे आता मच्छीमारालाही पाठ असतं. पण त्याच करारात समुद्र नसलेल्या देशांसाठी एक वेगळा भाग आहे. समुद्रापर्यंत जायचा आणि तिथून परत यायचा हक्क त्यांना दिला आहे. वाटेच्या अटी मात्र शेजाऱ्याशी ठरवायच्या! म्हणजे हक्क दिला, आणि चावी पुन्हा शेजाऱ्याच्याच खिशात ठेवली. नेपाळने हे १९८९ मध्ये अनुभवलं. भारताशी असलेले व्यापार आणि वाटेचे करार संपले आणि बहुतेक नाकी बंद झाली, तेव्हा काठमांडूत रॉकेलसाठी रांगा लागल्या. बोलिव्हियाची गोष्ट तर आमच्याच घरची वाटते. १८७९ च्या युद्धात चिलीने त्यांचा किनारा घेतला, १९०४ मध्ये तहावर शिक्का बसला. आजही त्या देशाला आरमार आहे, ते टिटिकाका तळ्यात फिरतं, आणि दर २३ मार्चला समुद्राचा दिवस पाळतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने बारा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की समुद्र देण्याबाबत बोलणी करायचं कायदेशीर बंधन चिलीवर नाही.

आमच्याकडे समुद्राचा दिवस नाही. १७ सप्टेंबर आहे, आणि त्या दिवशी समुद्र कुणाला आठवत नाही. भांडण आता नदीचं उरलंय. धर्माबादजवळच्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्यावरून आंध्राशी इतकं पेटलं, की २०१० मध्ये चंद्राबाबू नायडू आमदार घेऊन बघायला आले आणि त्यांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ ला तारखाच लावून दिल्या : १ जुलै ते २८ ऑक्टोबर सगळे दरवाजे वर, आणि १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचं. २.७४ टीएमसीच्या बंधाऱ्यासाठी एवढी कलमं.

पावसाळ्यात ढाणकीच्या रस्त्यावरचा गांजेगावचा पूल पाण्याखाली जातो. मग दोन्ही तीरांवर मोटारसायकली उभ्या राहतात आणि लोक बिड्या ओढत पाणी उतरायची वाट बघतात. हे पाणी वर्धेला मिळतं, पुढे प्राणहिता होतं, मग गोदावरी. आणि राजमहेंद्रीवरून, १७६५ च्या फर्मानातल्या त्या मुलखातून, समुद्रात उतरतं. करोडगिरी न भरता.