दोन खात्यांच्या मधला रोगी

सन २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोन विषाणूंवरील संशोधनासाठी विभागून देण्यात आले. त्याचा अर्धा वाटा जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना मिळाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे मानवी पॅपिलोमा विषाणू असतो, हे त्यांनी दाखवून दिले होते. उरलेला अर्धा वाटा फ्रान्सच्या फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँटान्ये यांना एचआयव्हीच्या शोधाबद्दल गेला. पारितोषिक देणाऱ्यांपुढे त्या दोन स्वतंत्र कामगिऱ्या होत्या. परंतु ज्याच्या शरीरात हे दोन्ही विषाणू एकत्र नांदतात, त्या रोग्याच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. आणि तो रोगी सोलापूर, सांगली किंवा यवतमाळकडचा असेल, तर त्याच्या गालात पुष्कळदा तिसरा भागीदारही असतो. तो म्हणजे तंबाखू.

जीभ, गाल, हिरडी, टाळू, घसा, स्वरयंत्र या भागांतील कर्करोगांना वैद्यकात ‘डोके व मान यांचे कर्करोग’ म्हणून एकत्र गणतात. एचआयव्हीबाधितांमध्ये त्यांचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट ते तिप्पट आढळते, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून दिसून आले आहे. रोग काही वर्षे आधी उद्भवतो आणि ध्यानात येतो तेव्हा बहुधा पुढच्या अवस्थेत पोचलेला असतो. याची कारणे गूढ नाहीत. बिघडू लागलेल्या पेशी वेळीच ओळखून नष्ट करण्याचे काम शरीराची प्रतिकारशक्ती सतत करीत असते. एचआयव्ही नेमका तिच्यावरच घाला घालतो. पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग निरोगी माणसाच्या शरीरातून बहुतेक वेळा एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. एचआयव्हीबाधिताच्या शरीरात तो अधिक काळ मुक्काम ठोकतो. त्यात तंबाखू आणि मद्य यांची भर पडली की पुढचे सांगावयास नको.

तरीही एड्सच्या इतिहासात या कर्करोगांना मानाचे, म्हणजे खरे तर दखलीचे, स्थान मिळाले नाही. कापोसी सार्कोमा, लसिकापेशींचे काही कर्करोग आणि १९९३ पासून गर्भाशयमुखाचा कर्करोग एवढेच ‘एड्सनिदर्शक’ म्हणून मान्य झाले. गाल-जिभेचा नेहमीचा कर्करोग त्या यादीबाहेर राहिला. शास्त्रीय दृष्ट्या यात काही चूक नव्हती. पण कोणतीही शास्त्रीय यादी कचेरीत पोचली की तिला निराळेच सामर्थ्य प्राप्त होते. यादीत नसलेल्या रोगाला नोंदवहीत रकाना मिळत नाही, आणि रकाना नसलेल्या गोष्टीसाठी अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

वास्तविक हा प्रश्न उभा राहिला तो एका मोठ्या यशामुळे. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये मद्रासला आढळले. ते शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. त्यानंतरची पंधरा वर्षे या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचे आज्ञापत्रच होते, कारण औषधे असूनही ती परवडणारी नव्हती. तीन औषधांच्या संयुक्त उपचाराला पाश्चात्त्य बाजारात वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तोच उपचार सेवाभावी संस्थेला वर्षाला ३५० डॉलरना देऊ केला आणि जगातील बाजारभाव कोसळू लागले. १ एप्रिल २००४ पासून निवडक शासकीय रुग्णालयांत ही औषधे विनामूल्य मिळू लागली; २०१७ पासून प्रतिकारपेशींची संख्या कितीही असो, निदान झालेल्या प्रत्येकाला ती देण्याचे धोरण स्वीकारले गेले. आज देशात सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. १९९६ साली पस्तिशीत क्षयाने दगावला असता असा माणूस आज साठी ओलांडून गेला आहे. कर्करोगाचे वयही तेच.

यातला एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. एड्सच्या पहिल्या दशकांत डॉक्टरांची दृष्टी सर्वांत आधी तोंडाकडेच जात असे. तपासण्या महाग आणि दुर्मिळ होत्या. पण जिभेवर, टाळूवर पसरलेली बुरशीची पांढरी साय किंवा जिभेच्या कडेचे केसाळ पांढरे चट्टे दिसले की संशय बळावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ही दोन्ही लक्षणे रोगाच्या तिसऱ्या अवस्थेची म्हणून नोंदलेली आहेत. उपचार प्रभावी झाले, बुरशी ओसरली, आणि विषाणूंची संख्या रक्ताच्या एका चाचणीवर कळू लागली. तोंड उघडून पाहण्याची निकड त्यामुळे उरली नाही. रोग्याचे तोंड पाहण्याची खरी गरज ज्या काळात वाढली, नेमक्या त्याच काळात ते पाहण्याची सवय सुटत गेली.

जेथे पाहिले जाते तेथेही फसगत होण्याच्या दोन जागा आहेत. पहिली पांढऱ्या चट्ट्याची. बुरशीची साय कापसाच्या बोळ्याने पुसली असता निघून येते. तंबाखूमुळे गालाच्या आत उमटणारा, पुढे कर्करोगात रूपांतर होण्याची शक्यता असलेला चट्टा पुसून जात नाही. फरक इतका साधा आहे. परंतु एचआयव्हीबाधिताच्या तोंडातील प्रत्येक पांढरा डाग म्हणजे बुरशीच, असे गृहीत धरून औषधाच्या गोळ्या दिल्या तर महिने निघून जातात. दुसरी जागा मानेतील गाठीची. आपल्याकडे एचआयव्हीबाधितांना क्षय होण्याचे प्रमाण इतके मोठे आहे की मानेत गाठ आली की ती गंडमाळ, म्हणजे क्षयाचीच, असे डॉक्टर समजतो. त्याचे हे समजणे मूर्खपणाचे नाही. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु जी गाठ क्षयाची नसून जिभेच्या मुळाशी किंवा घशात लपलेल्या कर्करोगाची असते, तिला क्षयाच्या औषधांचा सहा महिन्यांचा क्रम पुरा होईपर्यंत वाढण्यास मुभा मिळते. बारीक सुईने गाठीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही जिल्हा रुग्णालयात होऊ शकणारी, कमी खर्चाची तपासणी आहे. सहा महिन्यांच्या विलंबाची किंमत मात्र रोग्याला जबडा किंवा जीभ देऊन चुकवावी लागते, कित्येकदा प्राणही.

या ठिकाणी अर्थशास्त्राचा संबंध येतो. तोंडाच्या कर्करोगाची पाहणी विजेरीच्या उजेडात, नुसत्या डोळ्यांनी करता येते. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील १३ पंचायतींमध्ये १९९६ पासून याचा मोठा प्रयोग झाला. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन पस्तिशीपुढील लोकांची तोंडे तपासली. त्याचे निष्कर्ष २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. संपूर्ण लोकसंख्येत मृत्यूंची घट निर्णायक म्हणण्याइतकी नव्हती. परंतु तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये ती सुमारे एकतृतीयांश भरली. याचा अर्थ उघड आहे. सरसकट सर्वांना तपासण्यात पैसा पातळ होतो. ज्यांना धोका अधिक त्यांच्यावर तो केंद्रित केला तर फळ मिळते. आता अशी कल्पना करावी की, धोका अधिक असलेली माणसे शोधण्यासाठी घरोघर जाण्याचीही गरज नाही. ती ठराविक मुदतीने स्वतःच औषधे नेण्यासाठी एका खिडकीपाशी येतात, त्यांची नावे आणि पत्ते नोंदलेले आहेत, समुपदेशक त्यांच्याशी बोलतो आणि डॉक्टर त्यांची नाडी पाहतो. कल्पना करण्याचेही कारण नाही. एआरटी केंद्र म्हणजे हेच. तेथे तोंड उघडण्यास सांगण्याचा सीमान्त खर्च म्हणजे दोन मिनिटे आणि विजेरीचे सेल.

मग हे नियमाने का होत नाही? एचआयव्हीची केंद्रे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या आणि राज्यातील तिच्या सोसायट्यांच्या अखत्यारीत येतात. तोंडाच्या कर्करोगाची चाळणी असंसर्गजन्य रोगांच्या कार्यक्रमात मोडते आणि तिची सुरुवात वयाच्या तिसाव्या वर्षापासून होते. दंत महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे आहेत. तिन्ही ठिकाणी कामाचा हिशेब निराळा. एआरटी केंद्राचे यश किती रोगी औषधांवर टिकले आणि किती जणांचा विषाणू दबला यावर मोजले जाते. त्या केंद्रात सापडलेला एखादा चट्टा त्याच्या खात्यावर जमा होत नाही, आणि न सापडलेला नावे पडत नाही. एका खात्याने केलेल्या खर्चाचा लाभ दुसऱ्या खात्याला मिळत असेल तर तो खर्च सहसा होत नाही, हे महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकविले जाते. सचिवालयात ते ठाऊक नसेल असे नाही.

येथे केंद्रांतील कर्मचाऱ्यांची बाजूही मांडली पाहिजे. काही केंद्रांपुढे सकाळपासून रांग लागते. समुपदेशकाला एकेकासाठी थोडीच मिनिटे मिळतात. शिवाय भारतात तंबाखूचे थैमान एवढे आहे की, तोंडाच्या कर्करोगात एचआयव्हीचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेताना आढळले. तंबाखू, चुना, मावा, खर्रा आणि स्त्रियांच्या हिरड्यांवर घासली जाणारी मिश्री यांनी आधीच एवढे रोगी निर्माण केले आहेत की, विषाणूने घातलेली भर त्या गर्दीत दिसेनाशी होते. परंतु यावरून ‘मग वेगळे पाहावयास नको’ असा निष्कर्ष काढणे सर्वस्वी चुकीचे होय. ज्याला दोन्ही बाजूंनी धोका आहे, त्याला आधी पाहावयाचे असते.

औषधे वेळेवर घेता का, हा प्रश्न समुपदेशक दर भेटीत विचारतो. तंबाखू खाता का, मिश्री लावता का, हा प्रश्नही त्याच दमात विचारता येईल. गुटख्यावर महाराष्ट्राने २००२ मध्ये घातलेली बंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली आणि पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत अशी तिच्यावर तोडही निघाली. कायद्याच्या या लपंडावात सल्ला देणारा माणूस समोर असणे हेच काय ते भरवशाचे साधन उरते. पॅपिलोमा विषाणूवरील लस हा दीर्घ पल्ल्याचा उपाय आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीला २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. पण ती संसर्गाच्या आधी टोचावयाची असते. पन्नाशीच्या रोग्याला तिचा उपयोग नाही.

रोग वाढल्यावर काय घडते, याचा हिशेब सरकारी अंदाजपत्रकात पुरता उतरत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांचा बराच भार हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि किरणोपचार म्हणजे आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा-सात आठवडे. शेतमजुराच्या घरातील दोन माणसांची, रोगी आणि सोबत्याची, मजुरी तितके दिवस बुडते. मुंबईत दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा कुटुंबांना आसरा देते. जागा न मिळालेली परळच्या पदपथावर पथाऱ्या पसरतात. गिळता येत नाही म्हणून पातळ अन्न हवे, आणि ते शिजविण्यासाठी चूल हवी. योजनेच्या दरपत्रकात चुलीची तरतूद नसते.

एचआयव्हीबाधिताला याहून एक ओझे अधिक असते. तो सारे सांगत नाही. एचआयव्ही व एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याने उपचारातील भेदभावाला मनाई केली आणि गोपनीयतेला संरक्षण दिले. परंतु शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलली जाईल, शेजारच्या खाटेवरच्याला कळेल, ही भीती कायद्याने जात नाही. म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांपुढे बसलेला रोगी आपल्या रोजच्या गोळीविषयी गप्प राहतो. त्या गोळीत बहुधा टेनोफोविर असते, आणि किरणोपचाराच्या जोडीला दिले जाणारे सिस्प्लॅटिन हे औषध टेनोफोविरप्रमाणेच मूत्रपिंडावर ताण आणते. दोन्ही एकत्र देता येत नाहीत असे नव्हे. विषाणू दबलेला असेल तर एचआयव्हीबाधिताला इतरांसारखाच पूर्ण उपचार द्यावा, हेच आजचे वैद्यकमत आहे. मात्र त्यासाठी रक्ततपासणी वारंवार करावी लागते, प्रसंगी गोळी बदलावी लागते, आणि दोन डॉक्टरांना एकमेकांचे कागद दिसावे लागतात.

कागद रोग्याच्या कापडी पिशवीत असतात. हिरव्या पुस्तिकेवर एआरटी केंद्राचा क्रमांक, जाड फायलीवर कर्करोग रुग्णालयाचा. फाईल तो टेबलावर ठेवतो. पुस्तिका पिशवीतच, टॉवेलाखाली राहते.