केसाएवढ्या तारेचा सांधा

हेडफोनमध्ये वाद्यं ऐकू येतात, पण गायकाचा आवाज पोकळ झालाय किंवा चक्क गायब आहे, असं असेल तर स्पीकर बहुधा शाबूत असतात. तुटलेली असते ती दोन्ही स्पीकरची सामाईक, ग्राउंडची तार. परतीची वाट बंद झाली की डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक उरतो. बहुतेक ध्वनिमुद्रणांत गायक दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून नेमका तोच वजा होतो. हत्यार उचलण्याआधी नीट ऐकावं, ते यासाठी.

वायर तुटते बहुतेकदा जॅकच्या तोंडाशी, कारण रोज तिथंच वाकते. मूळ जॅक प्लास्टिकमध्ये ओतलेला असतो, तो उघडत नाही. इंचभर मागून वायर कापायची आणि साडेतीन मिलिमीटरचा, फिरकीच्या कव्हरचा नवा जॅक लावायचा. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत चौकशी करावी. आत वायर दाबून धरणारी पत्री असलेलाच घ्यावा.

खरी कसोटी पुढे. सोललेल्या वायरीतून लाल, हिरव्या, तांबूस तारांच्या बटा निघतात. तो रंग म्हणजे इनॅमलचा थर. त्यावर सोल्डर धरतच नाही. पुष्कळांचं काम इथंच फसतं. पात्यानं खरवडलं तर केसासारख्या तारा तुटतात. त्यापेक्षा तापलेल्या आयर्नच्या टोकावर सोल्डरचा टपोरा थेंब घ्यावा आणि तारेचं टोक त्यात काही सेकंद बुडवून धरावं. थर जळून जातो, सोल्डर वर चढतं, टोक रुपेरी होतं. हा धूर छातीत घेऊ नये. खिडकी उघडी हवीच. टोक रुपेरी होईपर्यंत पुढे जाऊच नये, एवढा माझा आग्रह असतो.

कव्हर आधीच वायरीत ओवून ठेवायचं. जॅकचं टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची, बूड ग्राउंडचं. लाल तार सहसा उजवी, तांबूस ग्राउंडची. तरी मल्टिमीटर लावून खात्री करावी. माइकवाल्या जॅकला चार भाग असतात, त्याचं गणित वेगळं.

साठ-चाळीसचं कथिल-शिशाचं सोल्डर १९० अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं, पण आयर्न त्याहून बराच तापलेला असतो. जॅकमधलं प्लास्टिक मऊ पडून कड्या सरकू नयेत, म्हणून जॅक जुन्या सॉकेटमध्ये खोचून टाका द्यावा. टाका गार होताना तार हलली तर तो दाणेदार, मंद दिसतो. असा टाका पुन्हा तापवावा.

शेवटी टोक आणि बूड यांच्यावर मीटर. ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण तिशीचा आकडा दिसतो आणि कानात खट्कन आवाज येतो. शून्याजवळ आकडा आला तर आत तारा एकमेकींना टेकल्यात; कव्हर फिरवण्याआधी त्या सोडवायच्या.