मोत्यामागचा हिरवा पडदा

हेगच्या मॉरिट्सहाउस संग्रहालयातील योहानेस व्हर्मीरची मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी २०२६ मध्ये ओसाकाला धाडण्याचे ठरले, ही वार्ता वाचकांच्या नजरेखालून गेलीच असेल. मला मात्र या निमित्ताने त्या विद्यार्थ्यांविषयी लिहावयाचे आहे, जे याच मुखाची नक्कल करून तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचा श्रीगणेशा करतात. कारण त्यांतील बहुतेकांना नक्कल नेमकी कशाची करावयाची, हे कोणी सांगितलेलेच नसते.

छापील प्रत समोर टाचावी, चौकटी आखून रेखाटन उतरवावे, पॅलेटवर त्वचेचा रंग कालवावा आणि डोळ्यापासून आरंभ करावा, हा रूढ शिरस्ता. त्यातून साम्य साधते, परंतु चेहरा निर्जीव राहतो.

याचे कारण अ‍ॅबी व्हॅन्डिव्हियर या चित्रसंवर्धक विदुषीच्या संशोधनात सापडते. २०१८ मध्ये संग्रहालयातच, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, काचेच्या दालनात त्यांच्या नेतृत्वाखाली या चित्राची तपासणी झाली आणि २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. व्हर्मीरने प्रथम तपकिरी व काळ्या रंगांत छायाप्रकाशाची मांडणी केली. कान, शिरोवस्त्राचा माथा आणि मानेची मागील बाजू यांच्या जागा काम करता करता बदलल्या. आणि मग पार्श्वभूमीकडून पुढे येत त्वचा, पिवळा अंगरखा, पांढरी गळपट्टी, निळे शिरोवस्त्र व सरतेशेवटी मोती, अशा क्रमाने चित्र सिद्धीस नेले. आज काळीभोर भासणारी पार्श्वभूमी मुळात हिरव्या पडद्याची होती; काळ्या थरावर नीळ आणि एका पिवळ्या वनस्पतिजन्य रंगाचा पारदर्शक लेप देऊन ती साधली होती, आणि पुढे ते रंग पालटले. मोत्याला तर बाह्यरेषा नाही, कानात अडकविणारी आकडीही नाही. वरच्या अंगाला सफेद्याचा एक दाट ठिपका, खाली गळपट्टीचे मंद प्रतिबिंब, बस्स. जो विद्यार्थी प्रथम वर्तुळ आखून त्यात करडा रंग भरतो, त्याने व्हर्मीरचा मोती पाहिलेलाच नाही, असे मी निःसंकोच म्हणेन.

म्हणून नक्कल करावयाची ती थरांची. आधी तपकिरी मांडणी, ती वाळेपर्यंत धीर, मग देहवर्ण, आणि अखेरीस पारदर्शक लेप. खालच्या थरात जवसाचे तेल कमी, वर क्रमाने अधिक, कारण हा नियम मोडला तर वरचा थर आधी वाळून पुढे तडकतो. अशा कामाला काही आठवडे लागतात, आणि ते लागलेच पाहिजेत.

नक्कल करणे कमीपणाचे, हा समज निराधार आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आजही परवाना घेऊन चित्रकार मूळ कृतीसमोर इझल मांडतात. ताकीद इतकीच, की प्रत मूळ आकाराची नसावी. आपल्याकडे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकरवी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करविल्या. ते कार्य थोरच. परंतु भिंतीच्या गिलाव्यावरील चित्रे तैलरंगांत कॅनव्हासवर उतरविताना रेषा व रचना हाती आली, मूळ प्रक्रिया नव्हे, असे माझे मत आहे.

आमच्या कलाशाळांनी निदान एवढे करावे, की नकलेला गुण देताना केवळ साम्य न पाहता प्रत्येक थराचा वेगळा नमुना विद्यार्थ्याकडून मागवावा आणि तो तयार चित्राशेजारी ठेवूनच परीक्षण करावे.