खतामागचा हिशेब

निफाडात १८ जानेवारी १८४२ रोजी महादेव गोविंद रानडे जन्मले. समाजसुधारक न्यायमूर्ती म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. शेतकऱ्याच्या कर्जाचा आणि सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या रानड्यांची ओळखही आपण तितक्याच आस्थेने करून घेतली पाहिजे.

१८६६ साली ते एलएल. बी. झाले आणि १८७१ मध्ये पुण्यात दुय्यम न्यायाधीश म्हणून रुजू झाले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, म्हणजे कर्जरोखे, आणि वह्या जाळल्या. दंगे पसरले, चौकशी झाली आणि १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तोवर खतावर कुणब्याची नांगराची निशाणी असली, की सावकाराच्या बाजूने हुकूमनामा होणं सोपं होतं. आता मुद्दल किती, व्याज किती, फेड किती, हे पहिल्या व्यवहारापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. कर्जाचे हप्ते पाडून देण्याची सोय झाली.

१८८१ पासून रानडे याच कायद्याच्या अंमलबजावणीत होते. दुय्यम न्यायालयांचं काम तपासत ते फिरत. सावकाराला आवर घातला, तरी पुढच्या पेरणीला पैसा कुठून येणार, हा प्रश्न त्यांना सोडवायचा होता. म्हणून ब्रिटिश सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांच्या पुरंदर तालुक्यातल्या शेतकी बँकेच्या योजनेला त्यांनी पाठबळ दिलं. लंडनहून तिला मंजुरी मिळाली नाही. तरीही प्रशियासारख्या देशांतल्या शेतीच्या पतपुरवठ्याचा अभ्यास करून ते लिहीत राहिले.

१८८६ मध्ये सरकारी खर्चात काटकसर सुचवण्यासाठी सर चार्ल्स इलियट यांच्या अध्यक्षतेखाली वित्त समिती नेमली गेली. रुपयाचा भाव घसरत होता, ब्रह्मदेशातल्या युद्धाचा बोजा होता. समितीचे सदस्य म्हणून रानडे सिमला, कलकत्ता असे फिरले. खतावरच्या व्याजाची छाननी करणारा न्यायाधीश आता साम्राज्याच्या तिजोरीचा खर्च तपासत होता.

१८९३ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. शेतकऱ्याला कर्ज देणाऱ्या सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यांच्यानंतर, १९०४ मध्ये आला. न्यायालय फार तर जुन्या कर्जातला अन्याय दूर करतं. नवं कर्ज रास्त व्याजाने आणि वेळेवर मिळावं, यासाठी संस्था उभाराव्या लागतात. रानड्यांचा हा धडा निफाडच्या शेतकऱ्याला आजही उपयोगी आहे.