शून्य टक्क्यांचा पहारा

जुलै २०१६. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात लहान मुलांचे नवे रुग्णालय उभे राहत होते. छताची परदेशी पॅनेल कापताना कामगारांसमोर धूळ उडाली आणि तपासणीत तिच्यात ॲस्बेस्टॉस निघाले. पॅनेल चीनमधून आली होती. ऑस्ट्रेलियात ॲस्बेस्टॉसवर ३१ डिसेंबर २००३ पासून संपूर्ण बंदी आहे, आयातीवरही.

हे पर्थमध्येच घडावे, ही गोष्ट विशेष बोचणारी. याच राज्यातल्या विटनूमला निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ पर्यंत चालू होती. खाणीचा चुरा गावातल्या रस्त्यांवर, अंगणांत पसरला जाई. पुढे कामगारांबरोबर त्यांच्या बायका आणि त्या चुऱ्यात खेळलेली मुलेही मेसोथेलिओमाने दगावली. फुप्फुसाच्या आवरणाचा हा कर्करोग ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासात गेल्यावर कित्येक दशकांनी डोके वर काढतो. २००७ मध्ये सरकारने विटनूमचा गाव म्हणून असलेला दर्जाच काढून घेतला.

एवढे भोगलेल्या देशाचा कायदा कडक असणारच. मालात ॲस्बेस्टॉसचा अंशही चालत नाही आणि माल निर्धोक असल्याची खातरजमा आयातदाराने, तीही माल जहाजावर चढण्यापूर्वी करायची. संशय आला की सीमा दलाचे अधिकारी माल अडवतात, नमुने प्रयोगशाळेत पाठवायला लावतात. खर्च आयातदाराचा.

तरीही माल शिरतो. चीनमध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. काही देशांत तर प्रमाण ठरावीक मर्यादेखाली असले की मालावर ‘ॲस्बेस्टॉसमुक्त’ असा शिक्का मारता येतो. तेव्हा लबाडी नसतानाही कागद खोटा ठरू शकतो. त्यात एका यंत्रात शेकडो सुटे भाग, प्रत्येकाचा पुरवठादार वेगळा. गॅस्केट कोणी बनवले, हे गाडी विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात चिनी बनावटीच्या सुमारे २३,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या, त्या इंजिन आणि एक्झॉस्टच्या गॅस्केटमधल्या ॲस्बेस्टॉसमुळेच.

प्रत्येक कंटेनर फोडून तपासणे कोणत्याच बंदराला परवडत नाही. अधिकारी जोखीम पाहून निवड करतात. इमारतीचे साहित्य, जुनी वाहने, ब्रेकचे भाग यांवर नजर असते. मुलांच्या खेळण्यातल्या रंगीत वाळूवर ती कशी जावी? नोव्हेंबर २०२५ मध्ये अशाच वाळूत ॲस्बेस्टॉस सापडले आणि कॅनबेरातल्या कित्येक शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तोवर ती वाळू दुकानांतून सर्रास विकली जात होती. सीमेवरचा पहारा बहुतेक वेळा ओळखीच्या चोरालाच पकडतो, असे ही प्रकरणे पाहून वाटते.

भारतात हे प्रकरण निराळेच. खाणकाम थांबले आहे, पण पांढरे ॲस्बेस्टॉस रशियासारख्या देशांतून कायदेशीरपणे येते आणि त्याच्या मोठ्या आयातदारांत भारताची गणना होते. पर्थमध्ये ज्याच्या अंशासाठी काम थांबले, तेच इथे सिमेंटच्या पत्र्यांत मिसळून गोदामे, गोठे आणि घरांवर चढते.