साबण लावला आणि डाग लाल झाला!

दोस्तांनो, पंगत उठली, सतरंजी गोळा करायला गेलात आणि मधोमध दिसला आमटीचा पिवळाधमक डाग! आता ओरडा बसणार म्हणून तुम्ही धावत जाऊन कपड्यांचा साबण आणता, डागावर खसाखसा घासता आणि बघता बघता पिवळा डाग चक्क लालभडक होतो. घाबरू नका. सतरंजीचं काही बिघडलेलं नाही. तुम्ही नकळत रसायनशास्त्राचा एक झकास प्रयोग केलाय!

हळदीला पिवळा रंग देणाऱ्या पदार्थाचं नाव कर्क्युमिन. 1815 साली व्होगेल आणि पेल्तिए या शास्त्रज्ञांनी तो हळदीतून वेगळा काढला. त्याच्या रेणूची रचना कळायला मात्र 1910 साल उजाडलं. 100 ग्रॅम हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 ग्रॅम, आणि तेवढ्यावर किती पातेली आमटी पिवळी होते बघा! हा पदार्थ आम्लात पिवळा राहतो आणि आम्लारी भेटली की तांबडा होतो. कपड्यांचा साबण, धुण्याचा सोडा, चुना यांच्यात आम्लारीचा गुण असतो. मुका मार लागला की आजी हळद-चुन्याचा लेप लावते ना? तो लालसर का दिसतो, ते आता तुम्हीच सांगा. साबणाने लाल झालेल्या डागावर लिंबू पिळलंत, तर तो पुन्हा पिवळा होईल. शाळेत निळा आणि तांबडा लिटमस कागद जे काम करतो, तेच काम तुमच्या मिसळणाच्या डब्यातली हळद करते.

पण डाग निघाला का? नाही! रंग नुसता बदलला. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. ते विरघळतं तेलात. फोडणीत हळद पडते तेव्हाच ते तेलात उतरतं आणि आमटी सांडली की त्या तेलाबरोबर सुतात शिरतं. म्हणून आधी तेलाला बाहेर काढायचं.

सतरंजीचा एक धागा भिंगाखाली धरून पाहा. वरून गुळगुळीत वाटणारा धागा म्हणजे बारीक तंतूंचा पीळ असतो आणि तंतूंच्या मधे असतात केसाएवढ्या फटी. या फटी द्रव आपोआप आत ओढून घेतात. डाग जोरात घासला की तो आणखी खोल जातो आणि आजूबाजूलाही पसरतो. त्यापेक्षा ताज्या डागावर कोरडं, जुनं सुती फडकं ठेवून तळहाताने दाबा. फडक्यालाही तशाच फटी असतात, त्या आमटी वर शोषून घेतात. फडक्याची कोरडी बाजू बदलत राहा आणि कडेकडून मधे या. नंतर भांडी घासायच्या साबणाचं थोडं पाणी लावा. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला चिकटतं, दुसरं पाण्याला. असे असंख्य रेणू तेलाच्या थेंबाभोवती जमतात आणि त्याला पाण्याबरोबर घेऊन जातात.

तरी फिकट पिवळा रंग उरेलच. आता सतरंजी उन्हात टाका. मला या सगळ्यातली ही सर्वात सुंदर गोष्ट वाटते. कर्क्युमिनच्या रेणूत दोन कडी असतात आणि त्यांना जोडणारी एक साखळी. या जोडणीमुळे तो रेणू जांभळा-निळा प्रकाश शोषतो, म्हणून आपल्याला पिवळा दिसतो. उन्हाच्या माऱ्याने ही साखळी तुटते. उरलेल्या तुकड्यांना दिसणारा प्रकाश शोषता येत नाही, म्हणून रंगच नाहीसा होतो! आणि त्या तुकड्यांपैकी एक कोणता ठाऊक आहे? व्हॅनिलिन, म्हणजे आइस्क्रीमला व्हॅनिलाचा वास देणारा पदार्थ! डागातून तो इतका कमी तयार होतो की नाकाला पत्ताही लागत नाही.

सगळेच डाग मात्र असे नसतात. रक्त, दूध, अंडं यांच्या डागात प्रथिनं असतात. त्यांवर गरम पाणी ओतलं, तर प्रथिनं उकडलेल्या अंड्यासारखी गोठून धाग्याला घट्ट धरतात, म्हणून तिथे थंड पाणीच हवं. प्रथिनांचे तुकडे करणारी विकरं कपडे धुण्यासाठी वापरायची कल्पना जर्मनीच्या ओटो र‍्योम यांनी 1913 साली मांडली. आज कितीतरी धुण्याच्या पावडरींत अशी विकरं असतात. पण थांबा, घरचा गालिचा लोकरीचा आहे का? लोकर स्वतःच प्रथिन आहे! ही पावडर डागाबरोबर गालिच्यालाही कुरतडू शकते. कपडे पांढरे करायचं ब्लीच तर लोकर विरघळवूनच टाकतं. त्या बाटलीला तुम्ही हात लावू नका, ते काम मोठ्यांचं. लोकरीच्या गालिच्याला थंड पाणी, सौम्य साबण आणि भरपूर वारा पुरे.

आता सुट्टीत हे करून बघा. पांढऱ्या सुती कापडाचे दोन तुकडे हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. प्रत्येकावर एकेक नाणं ठेवा आणि दोन्ही कडक उन्हात मांडा. एक तुकडा कोरडाच राहू द्या, दुसऱ्यावर अधूनमधून पाणी शिंपडा. संध्याकाळी नाणी उचला. नाण्याखालचा आणि बाहेरचा रंग ताडून बघा, आणि कोणत्या तुकड्याचा पिवळेपणा जास्त उडाला, ते तुमच्या वहीत लिहून ठेवा.